जुन्या लॅपटॉपला नेमकी कोणती एसएसडी चालेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ च्या सुमारास घेतलेला १५ इंची लॅपटॉप, आठव्या पिढीचा इंटेल आय५, ८ जीबी रॅम आणि १ टीबीची हार्ड डिस्क. सुरू होऊन हाताशी यायला चार-पाच मिनिटं लागतात, टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसते. दुकानदार म्हणतो एनव्हीएमई घ्या, ओळखीचे म्हणतात साटा घ्या (दोन्ही एसएसडीच, म्हणजे चिपवर साठवणाऱ्या डिस्क; साटा जुन्या, हळू मार्गाने बोर्डाशी बोलते, एनव्हीएमई पीसीआयई या वेगवान मार्गाने). कोणती चालेल, विंडोज पुन्हा टाकावं लागेल का, आणि जुनी डिस्क आतच ठेवता येईल का?

दुकानदार बरोबर की ओळखीचे, हे तुमच्या लॅपटॉपचा मदरबोर्ड ठरवतो. म्हणून आधी नेमकं मॉडेल शोधा, मग मागचं झाकण उघडून आत काय आहे ते डोळ्यांनी बघा, आणि मगच पैसे द्या. हा क्रम उलटा झाला की ‘बसली पण दिसत नाही’ हा घोटाळा होतो.

लॅपटॉप मंद का आहे ते आधी पाहू, कारण निवड त्यावरून सोपी होते. अशा लॅपटॉपमधल्या हार्ड डिस्कची तबकडी सहसा मिनिटाला ५४०० फेऱ्या घेते, म्हणजे एक फेरी ११ मिलिसेकंदांची. हवा तो तुकडा वाचणाऱ्या डोक्याखाली यायला सरासरी अर्धी फेरी लागते, आणि त्याआधी डोकं योग्य ट्रॅकवर जायला साधारण १२ मिलिसेकंद. सगळं धरून सेकंदाला जेमतेम ५५-६० वाचनं होतात. विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली ठिकठिकाणांहून वाचल्या जातात. त्यामुळे एरवी सेकंदाला १०० एमबी देणारी डिस्क अशा वेळी अर्धा एमबीही देत नाही. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. हीच वाचनं ती सेकंदाला हजारोंनी करते. म्हणूनच साधी साटा एसएसडी लावली तरी लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आत वापरायला मिळतो. साटा सेकंदाला ५५० एमबीच्या आसपास अडते आणि पीसीआयई ३.० ची चार लेनची (डेटाच्या चार समांतर वाटांची) एनव्हीएमई ३५०० पर्यंत जाते, हा फरक खरा आहे, पण ब्राउझर, एक्सेल, टॅली, ऑनलाइन वर्ग यांत तो क्वचितच जाणवतो. मोठे व्हिडिओ इकडून तिकडे हलवणाऱ्याला किंवा मोठे फोटो-प्रोजेक्ट उघडणाऱ्याला तो जाणवेल. तेव्हा तुमच्या लॅपटॉपला फक्त साटाच चालते असं निघालं तर वाईट वाटून घेण्याचं कारण नाही. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर येणं हीच खरी उडी आहे.

आता बसण्याचा मुद्दा. तुमच्या वयाच्या लॅपटॉपमध्ये दोन जागा असू शकतात. पहिली अडीच इंची जागा, जिथे आज हार्ड डिस्क आहे. तिथे अडीच इंची साटा एसएसडी हमखास बसते. अशा एसएसडीची जाडी ७ मिमी असते. लॅपटॉपची जागा ९.५ मिमीची असेल तर ती आत हलते, म्हणून काही एसएसडींबरोबर मिळणारी २.५ मिमीची प्लॅस्टिक चौकट चिकटवा. जुन्या डिस्कभोवतीची पत्र्याची किंवा रबराची पट्टी काढून नव्या एसएसडीला लावायला विसरू नका, नाहीतर स्क्रूची भोकं जुळत नाहीत.

दुसरी जागा म्हणजे एम.२ स्लॉट, रॅमच्या पट्टीसारखं कार्ड आडवं बसतं तो. गोंधळ इथेच होतो, कारण ‘एम.२’ हे नुसतं आकाराचं नाव आहे. त्या आकाराच्या आत तीन वेगळ्या गोष्टी जुळाव्या लागतात.

लांबी पहिली. कार्डावर २२८०, २२४२, २२३० असे आकडे असतात. पहिले दोन आकडे रुंदी, म्हणजे २२ मिमी, आणि पुढचे लांबी: ८०, ४२ किंवा ३० मिमी. बाजारात सगळ्यात जास्त मिळते ती २२८०. पण काही बारीक लॅपटॉपमध्ये ४२ किंवा ३० मिमीवरच स्क्रूची जागा असते आणि पुढे बॅटरी येते. स्लॉटपासून स्क्रूच्या खुंटीपर्यंतचं अंतर पट्टीने मोजा.

दुसरी खाच. कार्डाच्या सोनेरी कडेला एक किंवा दोन खाचा असतात. एम.२ आकाराच्या साटा एसएसडीला बहुधा दोन खाचा असतात, त्याला ‘बी अधिक एम’ की म्हणतात (‘की’ म्हणजे खाचेची ठरलेली जागा). चार लेनच्या एनव्हीएमईला एकच, एम कीची. बी कीच्या स्लॉटमध्ये एम कीचं कार्ड शिरतच नाही, ते बरंच आहे, कारण चूक लगेच कळते. पण दोन खाचांचं साटा कार्ड एम कीच्या स्लॉटमध्ये सहज बसतं, स्क्रूही लागतो, आणि तरी कधीकधी बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्रॅममध्ये) काहीच दिसत नाही. कार्ड जळत नाही, स्लॉट खराब होत नाही, पण काम शून्य.

असं का होतं याचं उत्तर तिसऱ्या गोष्टीत आहे: स्लॉटच्या मागून मदरबोर्डवर साटाचे मार्ग आलेत, पीसीआयईचे आलेत, की दोन्ही. हे बाहेरून बघून कळत नाही. काही बोर्ड दोन्ही देतात, काही फक्त साटा, काही फक्त पीसीआयई. २०१३-१४ च्या लॅपटॉपमधला एम.२ बहुधा साटाचा असतो, आणि त्यांचं बायोस एनव्हीएमईवरून सुरूच होत नाही. त्याहून जुन्यांत एमसाटा नावाचं वेगळंच कार्ड असे, ते एम.२ मध्ये बसत नाही. आठव्या पिढीत पीसीआयई मिळण्याची शक्यता चांगली आहे, पण शक्यतेवर खरेदी करू नये.

खात्री करायची कशी? लॅपटॉप उलटा करा आणि स्टिकरवरचा पूर्ण क्रमांक घ्या. मालिकेचं नाव पुरत नाही, कारण एकाच नावाखाली कंपनी चार वेगळे मदरबोर्ड विकते. डेलवर सात अक्षरांचा सर्व्हिस टॅग असतो, एचपीवर प्रॉडक्ट नंबर, लेनोव्होवर मशीन टाइप. तो टाकून कंपनीच्या संकेतस्थळावरून दुरुस्तीची पुस्तिका उतरवा. एचपीत तिला मेंटेनन्स अँड सर्व्हिस गाइड म्हणतात, लेनोव्होत हार्डवेअर मेंटेनन्स मॅन्युअल. त्यात साठवणुकीच्या भागांची यादी असते. त्या मॉडेलसाठी कंपनीने स्वतः पीसीआयई एनव्हीएमईचा पर्याय विकला असेल तर त्या कुळातल्या बोर्डाला तो मार्ग आहे. फक्त साटा एम.२ दिली असेल तर तुम्हीही साटाच घ्या. काही एसएसडी कंपन्यांची संकेतस्थळं मॉडेलप्रमाणे सुसंगत भाग दाखवतात, तीही चांगली पडताळणी आहे. सेकंड हँड लॅपटॉपच्या बाबतीत मात्र पुस्तिकेवर थांबू नका, आधीच्या मालकाने काय बदललंय ते उघडल्यावरच दिसतं.

पुस्तिकेत पर्याय दिसला तरी चार ठिकाणी फसगत होते. एक, हार्ड डिस्कवाल्या स्वस्त प्रकारात बोर्डावर एम.२ ची छापील जागा असते पण स्लॉटच झाळलेला नसतो. दोन, काही मॉडेलांत मोठी बॅटरी अडीच इंची जागा खाते, त्यामुळे ‘एम.२ किंवा हार्ड डिस्क’ असा एकच पर्याय उरतो. याचं उलटंही होतं: एम.२ वर विकलेल्या लॅपटॉपमध्ये डिस्कची जागा मोकळी असते, पण तिची चपटी केबल आणि चौकट वेगळी विकत घ्यावी लागते. तीन, वाय-फाय कार्डही एम.२ स्लॉटमध्येच असतं, त्याची की वेगळी असते आणि त्याला दोन बारीक अँटेना-तारा लागलेल्या असतात. तारा दिसल्या तर तो स्लॉट सोडा. चार, त्या काळात १ टीबी डिस्कच्या जोडीला १६ जीबीचं इंटेल ऑप्टेन कार्ड (हार्ड डिस्कला वेग देणारी छोटी मेमरी) बसवून बरेच लॅपटॉप विकले गेले. तुमच्यात ते असेल तर स्लॉट रिकामा नाही. आधी इंटेलच्या रॅपिड स्टोरेज प्रोग्रॅममध्ये जाऊन ऑप्टेन बंद करा, मग कार्ड काढा. तसंच उपटलं तर हार्ड डिस्कवरचं विंडोज सुरू होत नाही.

नमुना म्हणून लेनोव्होचा थिंकपॅड टी४८० घ्या, कारण सेकंड हँड बाजारात तो भरपूर मिळतो आणि तोही आठव्या पिढीचाच. त्याच्या मुख्य जागेत अडीच इंची साटा थेट बसते. तिथे २२८० एनव्हीएमई हवी असेल तर वेगळा अडॅप्टर-ट्रे आणि केबल लागते, आणि त्या मार्गाला दोनच लेन आहेत. म्हणजे ३५०० लिहिलेल्या एसएसडीतून साधारण १७०० च्या आतच मिळतात. सिमकार्डाच्या मोडेमसाठी ठेवलेल्या छोट्या स्लॉटमध्येही २२४२ लांबीची, दोन खाचांची एनव्हीएमई चालते, पण त्याच आकाराची एम.२ साटा चालत नाही. एकाच यंत्रात तीन वेगळे नियम! दुकानात ‘थिंकपॅडला चालेल’ असं कोणी म्हणालं तर त्याचा अर्थ म्हणूनच फारसा लागत नाही.

मॅकबुकवाल्यांसाठी एकच ओळ: २०१३ ते २०१७ मधल्या एअरमध्ये अॅपलचा स्वतःचा कनेक्टर आहे, साधी एम.२ अडॅप्टरशिवाय बसत नाही. २०१८ नंतरच्या एअरमध्ये साठवण बोर्डावरच झाळलेली आहे.

खरेदीकडे वळू. क्षमता ५०० जीबी किंवा १ टीबी. ५०० जीबीची एसएसडी विंडोजमध्ये ४६५ दिसते, ५१२ ची ४७६, ४८० ची ४४७. मोजण्याच्या पद्धतीतला फरक आहे, फसवणूक नाही. हार्ड डिस्क आतच राहणार असेल तर ५०० पुरे. २५६ जीबी आता घेऊ नये. विंडोज, त्याचे अपडेट आणि फोनचे दोन बॅकअप यांत ती भरते, आणि काठोकाठ भरलेली एसएसडी लिहिताना मंदावते. पीसीआयई ४.० ची एसएसडी ३.० च्या स्लॉटमध्ये चालते, फक्त स्लॉटच्या वेगाने. तेव्हा स्वस्त पडली तर घ्या, वेगाच्या आकड्यासाठी जास्त पैसे देऊ नका.

माझ्या मते वेगापेक्षा टीबीडब्ल्यू आणि वॉरंटी बघावी. टीबीडब्ल्यू म्हणजे वॉरंटीच्या काळात एकूण किती टेराबाइट लिहिण्याची कंपनी हमी देते तो आकडा. सॅमसंग ८७० इव्हो ५०० जीबीला तो ३०० आहे, क्रुशल एमएक्स५०० च्या तेवढ्याच क्षमतेला १८०. किंग्स्टन एनव्ही२ च्या १ टीबीला ३२०, क्रुशल पी३ च्या १ टीबीला २२०. आकडा कमी म्हणून घाबरायचं नाही. घरगुती वापरात रोज २० जीबी लिहिले तरी वर्षाला ७.३ टेराबाइट होतात, १८० संपायला २४ वर्षं लागतील. आकडा उपयोगी पडतो तो आतल्या मालाचा अंदाज घ्यायला. १ टीबीला दोनशेच्या आसपास असेल तर आत बहुधा क्यूएलसी चिप आहेत, म्हणजे एका पेशीत चार बिट. सुरुवातीचा काही जीबीचा वेगवान भाग भरला की त्या मोठ्या कॉपीत एकदम मंद होतात. सिस्टीमच्या एसएसडीसाठी टीएलसी, म्हणजे एका पेशीत तीन बिटवाली, बघा. डीरॅम (एसएसडीची स्वतःची छोटी वेगवान मेमरी) नसलेली एनव्हीएमई चालेल, ती लॅपटॉपच्या रॅममधला छोटा तुकडा वापरून भागवते. डीरॅम नसलेली साटा एसएसडी तसं करू शकत नाही, त्यामुळे साटा घेताना शक्य असेल तर डीरॅमवालीच घ्या.

लॅपटॉपसाठी एकाच बाजूला चिप असलेली एम.२ घ्या, दोन्ही बाजूंना चिप असल्या की बारीक लॅपटॉपमध्ये ती खाली टेकते. वर जाड हीटसिंक बसवलेला प्रकार डेस्कटॉपसाठी असतो, त्याने झाकण लागत नाही. आणि अनोळखी नावाची ‘१६ टीबी’ एसएसडी हजार-दीड हजारात दिसली तर ती खोटी आहे. आत छोटं मेमरी कार्ड असतं आणि नियंत्रक मोठा आकडा सांगतो. भरत गेलं की जुन्या फायली पुसल्या जातात. संशय असेल तर एच२टेस्टडब्ल्यू हा मोफत प्रोग्रॅम पूर्ण जागा लिहून आणि परत वाचून सत्य सांगतो.

हात लावण्याआधी डेटा. क्रिस्टलडिस्कइन्फो हा प्रोग्रॅम चालवून जुन्या डिस्कची तब्येत बघा. ‘कॉशन’ असा पिवळा शेरा असेल आणि ०५, सी५ किंवा सी६ या ओळी शून्याच्या वर असतील, तर डिस्कवर वाचता न येणारे किंवा बदलून घेतलेले भाग आहेत. अशा डिस्कचं क्लोन (सगळ्याची जशीच्या तशी प्रत) सुरू करू नका, तासन् तास वाचायला लावलं की ती वाटेतच जाऊ शकते. आधी फोटो, कागदपत्रं, हिशोब बाहेरच्या डिस्कवर काढून घ्या. तब्येत चांगली असली तरी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत बाहेर हवीच.

मग बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारं विंडोजचं एन्क्रिप्शन. सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ सुरू आहे का पाहा. असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यात जाऊन बघा, कागदावर लिहून घ्या, आणि मग एन्क्रिप्शन थांबवा. बायोसमधला एखादा पर्याय बदलला तरी विंडोज ही की मागतं, आणि ती नसेल तर डेटा कोणालाच काढता येत नाही. टॅलीचं लायसन्स त्या यंत्रावर असेल तर नवं विंडोज टाकण्याआधी ते सरेंडर करा. जुन्या मराठी फाँटमधली कागदपत्रं असतील तर फाँटच्या फायली आणि त्यांच्या प्रोग्रॅमचं लायसन्सही बाजूला काढा, नाहीतर फाइल उघडेल आणि मजकूर वाचता येणार नाही. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस कोणत्या ईमेल खात्यावर आहे तेही आत्ताच बघा.

विंडोज नव्याने टाकावं की क्लोन करावं? तुमच्या बाबतीत मी नव्याने टाकण्याच्या बाजूने आहे. विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि आठव्या पिढीचा आय५ विंडोज ११ च्या यादीत आहे, टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) बायोसमध्ये चालू असेल तर. सहा-सात वर्षांचा साठलेला कचरा क्लोनबरोबर नव्या एसएसडीवर नेण्यात काही हशील नाही. परवान्याची चिंता नको: कंपनीने दिलेल्या विंडोजची की बायोसच्या चिपमध्ये असते, डिस्क बदलल्याने ती जात नाही. तुमच्याकडे होम सिंगल लँग्वेज असेल तर इन्स्टॉलर तीच आवृत्ती निवडेल. मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल आणि किमान ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह एवढं लागतं.

क्लोनच करायचं असेल तर लहान एसएसडीचा अडथळा लक्षात घ्या. १ टीबीवरून ५०० जीबीवर जाताना वापरलेली जागा ४०० जीबीच्या आत आणा. क्लोनझिला मोफत आणि भरवशाचं आहे, पण नवी डिस्क जुनीएवढी किंवा मोठीच असेल असं ते धरून चालतं. लहान डिस्कसाठी एसएसडी कंपनी देते तो क्लोनचा प्रोग्रॅम सोपा पडतो. सी ड्राइव्हबरोबर १००-२०० एमबीचं छोटं ईएफआय पार्टिशनही (सुरुवातीच्या फायलींचा भाग) गेलंच पाहिजे. फक्त सी नेला तर एसएसडीवरून काही सुरू होत नाही. क्लोननंतरची पहिली सुरुवात जुनी डिस्क काढून करा, नाहीतर दोन्हींची ओळख एकच असल्यामुळे विंडोज एकीला ऑफलाइन टाकतं आणि आपण कोणावरून सुरू झालोय तेच कळत नाही.

आता उघडणं. वॉरंटी शिल्लक असेल तर झाकण उघडणं चालतं का ते कंपनीला ईमेलने विचारा. लागेल ते: पीएच० आणि पीएच१ चे चांगले स्क्रू ड्रायव्हर, गिटारचं प्लेक्ट्रम किंवा जुनं एटीएम कार्ड, स्क्रू ठेवायला कागद. शिफ्ट दाबून शटडाउन करा म्हणजे लॅपटॉप खरोखर बंद होतो, एरवी विंडोजचं फास्ट स्टार्टअप त्याला अर्धवट झोपवतं. चार्जर काढा. मागचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपचा चौकोन काढून ज्या त्या जागी ठेवा. त्यांची लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी लावला तर तो वरच्या हातटेक्यातून बाहेर येतो. स्क्रू संपले तरी झाकण हलत नसेल तर जोर लावू नका, रबरी पायांखाली बघा. डीव्हीडी ड्राइव्ह असेल तर त्याचा एक स्क्रू काढून तो आधी बाहेर ओढावा लागतो, आणि त्याच्या खाचेत आणखी दोन-तीन बारीक स्क्रू लपलेले असतात. झाकण बिजागरीच्या विरुद्ध बाजूने सोडवत या. काही मॉडेलांत कीबोर्डचा भाग वर निघतो आणि त्याला चपट्या केबल असतात, म्हणून एकदम उचलू नका.

उघडल्याबरोबर बॅटरीचा कनेक्टर काढा. ही पायरी गाळू नये. बंद लॅपटॉपमध्येही बोर्डावर वीज असते आणि स्क्रू निसटून पडला तर एसएसडी नव्हे, बोर्ड जातो. मग पॉवर बटण १५-२० सेकंद दाबून ठेवा. अंगातली स्थिर वीज घालवायला एखाद्या रंग नसलेल्या धातूच्या वस्तूला हात लावा, हिवाळ्यात कोरड्या हवेत विशेष.

एम.२ कार्ड स्लॉटमध्ये २०-३० अंशांच्या तिरक्या कोनात सरकवा. खाच जुळली की सोनेरी कडेची अगदी बारीक रेघ बाहेर दिसते. जास्त दिसत असेल तर पूर्ण गेलेलं नाही. मग आडवं दाबून स्क्रू लावा, हलक्या हाताने. हा स्क्रू रिकाम्या स्लॉटबरोबर पुष्कळदा येतच नाही आणि एसएसडीच्या डब्यातही नसतो. २ मिमी व्यासाचा, ३ मिमी लांबीचा, चपट्या डोक्याचा स्क्रू आधीच मिळवून ठेवा. लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात मिळतो. तो नाही म्हणून चिकटपट्टी लावणं बरोबर नाही, उष्णतेने ती सुटते आणि कार्ड वर उचलून संपर्क तुटतो. एसएसडीवरचा स्टिकरही काढू नका. वॉरंटी त्याच्यावर अवलंबून असते आणि काहींत तोच उष्णता पसरवतो.

नवं विंडोज टाकणार असाल तर याच वेळी हार्ड डिस्कची केबल काढून ठेवा. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना इन्स्टॉलर सुरुवातीच्या फायली जुन्या डिस्कच्या ईएफआय पार्टिशनमध्येच टाकू शकतो. तेव्हा सगळं नीट चालतं, आणि वर्षभराने हार्ड डिस्क काढली की एसएसडीवरचं विंडोज सुरू होत नाही. ही चूक पुन्हा पुन्हा होते आणि ती टाळायला एक केबल काढणं पुरतं.

बॅटरी जोडून झाकण नुसतं टेकवा, सगळे स्क्रू आवळायच्या आधी बायोस बघा. डेल आणि एसरमध्ये एफ२, एचपीत एफ१०, लेनोव्होत एफ१ किंवा एफ२. एसएसडीचं नाव दिसलं तर अर्धं काम झालं. दिसलं नाही तर कार्ड काढून पुन्हा बसवा, मग साटा-पीसीआयईची जोडी तपासा, मग बायोस अपडेट. बायोसमध्ये दिसते पण विंडोजच्या इन्स्टॉलरला दिसत नाही, असंही होतं. तेव्हा साटा मोड ‘रेड’ किंवा ‘ऑप्टेन’ वर असतो. नवं विंडोज टाकताना तो एएचसीआय करा. अकराव्या पिढीपासून हाच त्रास व्हीएमडी नावाने येतो, आणि एसरमध्ये तो पर्याय लपलेला असतो. मेन पानावर कंट्रोल आणि एस दाबलं की दिसतो. जुनं किंवा क्लोन केलेलं विंडोज ठेवायचं असेल तर मोड तसाच बदलू नका, निळा पडदा येईल. आधी विंडोजमधून सेफ मोडमध्ये सुरू होण्याची सूचना द्या, बायोसमध्ये मोड बदला, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्या, मग सूचना काढा.

विंडोज बसल्यावर लॅपटॉप बंद करून, बॅटरी काढून हार्ड डिस्क परत जोडा. बूटच्या क्रमात ‘विंडोज बूट मॅनेजर’ एसएसडीचाच वर आहे ना ते पाहा. फायली नव्या जागी आल्याची खात्री होईपर्यंत, निदान दोन आठवडे, जुन्या डिस्कवरचं काही पुसू नका. नंतर तिच्यावरचा विंडोजचा भाग काढून ती डी म्हणून वापरा. एसएसडी फक्त जास्तीची साठवण म्हणून लावली असेल आणि ‘धिस पीसी’मध्ये दिसत नसेल तर ती बिघडलेली नाही, डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन जीपीटी निवडा, नवा व्हॉल्यूम बनवा, एनटीएफएस फॉरमॅट करा.

क्रिस्टलडिस्कइन्फोत ट्रान्स्फर मोड बघा. साटाला साटा/६०० दोन्ही बाजूंना हवं. ३०० असेल तर तो पोर्टच जुना आहे. एनव्हीएमईला पीसीआयई ३.० चार लेन. दोनच दिसल्या तर तुमच्या स्लॉटला तेवढ्याच आहेत. विंडोजच्या ‘ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज’मध्ये तिच्यापुढे सॉलिड स्टेट ड्राइव्ह लिहिलेलं असलं की ट्रिम (पुसलेली जागा पुन्हा मोकळी करणं) आपोआप होतं. बाहेरचा डीफ्रॅग प्रोग्रॅम एसएसडीवर चालवू नका, त्याने नुसतं लिहिणं वाढतं.

हार्ड डिस्क आत ठेवायची की नाही, यात माझं मत काढण्याकडे झुकतं. ती सतत फिरते, बॅटरी खाते, आणि लॅपटॉप धक्के खात बसने किंवा लोकलने फिरणार असेल तर तीच पहिली जाते. यूएसबी ३.० च्या अडीच इंची केसमध्ये टाकून कपाटात ठेवली तर तीच तुमची बॅकअप डिस्क होते. आतच ठेवावी लागली तर पॉवर सेटिंगमध्ये दहा मिनिटांनी थांबण्याची वेळ लावा, आणि एकच प्रत असलेलं काहीही तिच्यावर ठेवू नका.